बेसवरचं पहिलं गाणं

[दृश्य : टेबलावर मोबाइल, त्यावर गाणं सुरू. शेजारी नवी कोरी बेस गिटार.]

नवीन बेस गिटार घरात आली की पहिल्याच आठवड्यात एक तक्रार हमखास ऐकू येते. 'या गाण्यात बेस आहे कुठे? मला तर काहीच ऐकू येत नाही.'

तक्रार खरी आहे. बेसची सगळ्यात जाड तार सेकंदाला साधारण ४१ वेळा थरथरते. मोबाइलच्या चिमुकल्या स्पीकरला इतक्या खालचा सूर धड काढताच येत नाही. तेव्हा गाणं निवडायच्या आधी एक बरा हेडफोन शोधा. महागातला नसला तरी चालेल, खर्ज ऐकू आला पाहिजे.

आता गाणं दोनदा ऐकायचं. एकदा नेहमीसारखं, मनसोक्त. दुसऱ्यांदा गायकाकडे साफ दुर्लक्ष करून तळाचा सूर तेवढा धरायचा. मग हेडफोन काढून तो तोंडाने म्हणून बघायचा. डुम्, डुडुम्, डुम्. म्हणता आला तर गाणं आवाक्यात आहे. नाही आला, तर ते 'दहा सोपी गाणी' छापाच्या यादीत पहिलं का असेना, सध्या बाजूला ठेवा. अशा याद्या करणारे तारा दाबणाऱ्या डाव्या हाताकडे बघून सोपं-अवघड ठरवतात. किती सूर, किती फ्रेट (गळ्यावरच्या आडव्या पट्ट्यांमधली घरं), एवढंच मोजतात. तारा छेडणाऱ्या उजव्या हाताचं काय होणार आहे, ते यादीत कुठेच नसतं.

[दृश्य : बेसचा गळा, वरून खाली हळू फिरणारा कॅमेरा.]

पहिलं गाणं म्हणून 'स्टँड बाय मी' घ्या. गायक बेन ई. किंग, साल १९६१. गाणं सुरू होतं ते बेसवरच. सोबतीला थोडी किणकिण, थोडी खरखर, बस. त्यामुळे बेस शोधत बसावा लागत नाही.

ज्यांच्या घरी पेटी आहे त्यांच्यासाठी पट्टीच्या हिशेबात सांगायचं, तर बेसच्या चार मोकळ्या, म्हणजे बोट न दाबता वाजणाऱ्या, तारा जाडीकडून बारकीकडे अशा लागतात : पांढरी तीन, पांढरी सहा, पांढरी दोन, पांढरी पाच. म्हणजे ई, ए, डी, जी. हे गाणं ए मध्ये आहे, पांढरी सहात. त्यात कॉर्ड, म्हणजे एकत्र वाजणारे सुरांचे गट, चारच. ए, एफ शार्प मायनर, डी आणि ई. या चारांतले तीन मूळ सूर (ज्यांच्यावरून कॉर्डचं नाव पडतं ते) मोकळ्या तारांवर मिळतात. बोट टेकायचं ते एफ शार्पला, जाड तारेच्या दुसऱ्या फ्रेटवर. ए दोन बार (बार म्हणजे चार मात्रांचा एक तुकडा), एफ शार्प दोन बार, डी एक, ई एक, परत ए दोन बार. आठ बारचं हे आवर्तन गाणं संपेपर्यंत बदलत नाही.

रेकॉर्डवर मधले आणखी सूर आहेत. ते नंतर येतील. सुरुवातीला दर बारला एक सूर, तोही समेवर, इतकं पुरे. कुणी हसलं तर हसू द्या. समेवर न चुकता येणारा बेसवादक मिळावा म्हणून मंडळी तळमळत असतात.

[दृश्य : जाड तार, अगदी जवळून. कंप स्पष्ट दिसतोय.]

इथे मात्र जरा थांबून नीट बघू. ई तार छेडली आणि तशीच सोडून दिली, तर ती घुमतच राहते. त्यावर ए वाजली की दोन्ही एकमेकींत मिसळतात आणि अ‍ॅम्पमधून नुसती घरघर येते. शिकणाऱ्याला वाटतं, गिटारच वाईट. गिटार ठीक असते. ए वाजवताना उजव्या हाताचा अंगठा ई तारेवर टेकलेला हवा. डीवर गेलं की अंगठाही एक तार पुढे सरकतो. परत जाड तारेवर यायचं झालं की तो पिकअपवर (तारांखालचा, त्यांचा कंप टिपणारा भाग) जाऊन बसतो, आणि ए आणि डी उघड्या पडतात. त्यांना गप्प करायला डाव्या हाताची बोटं. दाबायची नाहीत, फक्त सैल टेकवायची. मोकळ्या तारा डाव्या हाताला आराम देतात, पण त्याची किंमत अशी दुसऱ्या हाताकडून वसूल होते.

याच कारणासाठी दुसरं गाणं 'अनदर वन बाइट्स द डस्ट' घ्यावं. क्वीन, १९८०. गाणारा फ्रेडी मर्क्युरी हा पाचगणीच्या सेंट पीटर्स शाळेत शिकलेला, त्यामुळे आपल्याकडे त्याच्यावर जरा जास्तच माया. पण हे गाणं लिहिलं ते बँडचा बेसवादक जॉन डीकन याने, आणि ते ऐकताना लगेच कळतं. जाड तारेवर एकच सूर, तीनदा. ठाम. त्यानंतर काहीच नाही.

हे 'काहीच नाही' वाजवायला अवघड आहे. तीन ठोके कुणालाही जमतात. तिसऱ्यानंतर तार झटक्यात बंद झाली पाहिजे आणि पुढचा सूर येईपर्यंत मात्रा मनात चालू राहिली पाहिजे. नवशिके शांततेला घाबरतात आणि पुढचा सूर लवकर वाजवून मोकळे होतात. पायाने ताल धरा, तोंडाने मात्रा मोजा, लाजू नका.

[दृश्य : फुटबॉलचं मैदान, एका सुरात गाणारे प्रेक्षक.]

आता ज्याच्याशिवाय कुठलीच यादी पुरी होत नाही ते गाणं. 'सेव्हन नेशन आर्मी', द व्हाइट स्ट्राइप्स, २००३. २००६च्या विश्वचषकात इटलीच्या पाठीराख्यांनी त्याची धून मैदानभर घुमवली. शब्द नाहीत, नुसती धून. गुणगुणण्याच्या परीक्षेत हे गाणं पैकीच्या पैकी मिळवतं.

गंमत अशी, की या बँडमध्ये बेसवादकच नव्हता. दोघंच जण, एक गिटारवर आणि एक ड्रम्सवर. जॅक व्हाइटने गिटारचाच सूर पेडलमधून एक सप्तक खाली उतरवला. जगभरातल्या नवशिक्या बेसवादकांची लाडकी धून बेसवर वाजलेलीच नाही!

ए तारेवर तिचे फ्रेट असे : सात, सात, दहा, सात, पाच, तीन, दोन. तार एकच आणि सूर मोजून सात, तरी हे पहिलं गाणं म्हणून देऊ नये असं आमचं मत. दहाव्या फ्रेटपासून दुसऱ्यापर्यंत उतरताना बेसच्या लांब गळ्यावर पंजा बराच प्रवास करतो. नजर डाव्या हातावर खिळते आणि लय निसटते. तिसरं किंवा चौथं म्हणून घ्या, मजा येईल.

यूटूचं 'विथ ऑर विदाउट यू', १९८७, हा वेगळाच सापळा आहे. डी, ए, बी, जी. चार सूर, त्याच क्रमाने, पुन्हा पुन्हा. कागदावर याहून सोपं काही नसेल. पण दर बारला आठ ठोके, म्हणजे मिनिटाला दोनशेच्या वर, आणि गाणं जवळजवळ पाच मिनिटांचं. दुसऱ्या मिनिटाला मनगट भरून येतं. तर्जनी आणि मधलं बोट आलटून पालटून चालवायची सवय लावायला याच्यासारखं गाणं नाही, मात्र अर्ध्यावर थांबायची तयारी ठेवा. दुखायला लागलं की थांबायचंच. एकाच बोटाने वाजवलं तर चालेल का, असंही विचारतात. डेट्रॉइटच्या मोटाउन या रेकॉर्ड कंपनीचा बेसवादक जेम्स जेमरसन उजव्या हाताच्या एकट्या तर्जनीने वाजवायचा. आणि काय वाजवायचा! पण तो जेमरसन होता.

मायकल जॅक्सनचं 'बिली जीन' सध्या फक्त ऐका. पट्टी काळी तीन, आठही ठोके सारखे, आणि कुठेही दम खायला जागा नाही.

[दृश्य : तालमीची खोली. हार्मोनियम, कीबोर्ड, ऑक्टोपॅड, कोपऱ्यात बेस अ‍ॅम्प.]

मग आपल्या गाण्यांचं काय? जुन्या भावगीतांत बेस शोधायला गेलात तर बहुधा हाती काही लागणार नाही. आर. डी. बर्मन यांच्या सत्तरच्या दशकातल्या गाण्यांत बेस गिटार ठसठशीत ऐकू येते, पण ती एका सुरावर न थांबता सारखी फिरत असते. कान तयार करायला उत्तम, हाताला पुढच्या वर्षी. मराठी गाणं बसवायचंच असेल तर कॉर्डचे मूळ सूर घेऊन आपला बेस आपणच रचायचा. आपल्या ऑर्केस्ट्रांत कित्येकदा कीबोर्डवाल्याचा डावा हात हेच काम करत असतो.

अडचण येते ती पट्टीची. गायिका तालमीला येते आणि सहज म्हणते, 'मला काळी चार द्या.' काळी चार म्हणजे जी शार्प. 'स्टँड बाय मी'त ज्यांच्या जिवावर उड्या मारल्या, त्या मोकळ्या तारा इथे निरुपयोगी.

म्हणून तेच गाणं दुसऱ्यांदा शिकायचं, एकही मोकळी तार न वापरता. जाड तारेवर पाचवा फ्रेट आणि दुसरा फ्रेट, ए तारेवर पाचवा आणि सातवा. ए, एफ शार्प, डी, ई. गाणं तेच, आवर्तन तेच, फक्त आता प्रत्येक सूर बोटाखाली आहे आणि बोट सैल केलं की तो आपोआप थांबतो. अंगठ्याची निम्मी कसरत वाचते.

पेटीवर पट्टी बदलली की बोटं नव्याने बसवावी लागतात. बेसवर अख्खा हात तसाच सरकवायचा. काळी चारसाठी सगळं एक फ्रेट मागे : जाड तारेवर चौथा आणि पहिला, ए तारेवर चौथा आणि सहावा. पहिल्या फ्रेटवर तार जरा कडक लागते आणि बोट फ्रेटच्या पट्टीला खेटून ठेवलं नाही तर सूर खरखरतो. एवढं सांभाळलं की गायिकेला सांगायला हरकत नाही, 'घ्या, काळी चार.'