‘शून्य तक्रारी’ हे उद्दिष्ट का फसते? अन्नसुरक्षेचे मोजमाप आणि देखरेख

नमस्कार. साकीनाका, भांडुप, कुर्ला अशा भागांतल्या औद्योगिक गाळ्यांमध्ये अनेक मध्यवर्ती स्वयंपाकघरे चालतात आणि तिथे सकाळी शिजलेले जेवण दुपारी वांद्रे-कुर्ला संकुलातल्या किंवा लोअर परळच्या कार्यालयांत वाढले जाते. अशा व्यवसायाच्या भिंतीवर बहुधा एक वाक्य चौकटीत लावलेले असते: ‘ग्राहकांना सुरक्षित आणि दर्जेदार अन्न देण्यास आम्ही कटिबद्ध आहोत.’ हे त्या व्यवसायाचे धोरण झाले. या वर्षी नेमके काय सुधारायचे, कितीने सुधारायचे, कोणी आणि कधीपर्यंत, हे ठरते तेव्हा त्याला उद्दिष्ट म्हणता येते, आणि आजचा विषय तोच आहे.

आयएसओ २२००० या अन्नसुरक्षा व्यवस्थापनाच्या आंतरराष्ट्रीय मानकाच्या २०१८ च्या आवृत्तीत कलम ६.२ मध्ये याविषयी स्पष्ट अपेक्षा आहेत. उद्दिष्ट धोरणाशी सुसंगत असावे, शक्य तेथे मोजता यावे, कायद्याच्या आणि ग्राहकाच्या गरजा लक्षात घेऊन ठरवलेले असावे, त्यावर देखरेख व्हावी आणि ते संबंधितांपर्यंत पोहोचलेले असावे. मोजता येण्याच्या या अटीपाशीच बहुतेक मालक एक सोपा आकडा निवडतात, तो म्हणजे शून्य. ‘या वर्षी शून्य तक्रारी.’

माझे स्पष्ट मत आहे की हे उद्दिष्ट घातक आहे. पहिली तक्रार आली की ते मोडते आणि उरलेल्या महिन्यांसाठी त्याला काही अर्थ राहत नाही. त्याहून गंभीर गोष्ट अशी की, ज्या सुपरवायझरचा बोनस त्या शून्यावर अवलंबून असतो, तो फोनवर आलेली तक्रार वहीत उतरवत नाही. ग्राहकाला दुसरी थाळी पाठवून विषय मिटवला जातो आणि आमटीत सापडलेला प्लॅस्टिकचा तुकडा कोणत्या पाकिटातून आला, हे कधीच शोधले जात नाही. ज्याच्या हातून नोंद व्हायची आहे, त्याला ती लपवण्याचे कारण देणारे उद्दिष्ट ठेवू नये.

त्याऐवजी तक्रारींचा दर मोजावा. समजा, जूनमध्ये ५२ हजार थाळ्या गेल्या आणि १२ तक्रारी आल्या, तर दर १० हजार थाळ्यांमागे हे प्रमाण २.३ होते. जुलैमध्ये ७० हजार थाळ्यांवर १४ तक्रारी आल्या, तर प्रमाण २ वर येते. तक्रारी वाढलेल्या दिसत असल्या तरी काम सुधारले आहे. यातही दोन रकाने वेगळे हवेत: पोळी कडक झाली, भाजीत मीठ जास्त झाले, हा दर्जाचा प्रश्न, धातूचा तुकडा, केस, खाल्ल्यानंतर झालेली उलटी हा सुरक्षेचा. दोन्हींची बेरीज केली की पोळ्यांच्या ढिगाखाली उलटीची एक नोंद दबून जाते.

आता मर्यादा आणि उद्दिष्ट यांतला फरक पाहू, कारण इथे अनुभवी मंडळींचाही गोंधळ होतो. एफएसएसएआयच्या, म्हणजे देशाच्या अन्नसुरक्षा नियामक प्राधिकरणाच्या, केटरिंगसाठीच्या तपासणी सूचीनुसार वाढण्यासाठी ठेवलेले गरम शाकाहारी अन्न ६५ अंश सेल्सिअसला आणि मांसाहारी अन्न ७० अंशांना राखणे अपेक्षित आहे. ही मर्यादा आहे आणि ती प्रत्येक वेळी पाळावी लागते. ‘९० टक्के वेळा पाळू’ असे म्हणण्याची मुभा कोणालाच नाही. भाताचे उदाहरण घ्या. भात शिजवला तरी बॅसिलस सेरिअस या जिवाणूचे बीजाणू जिवंत राहू शकतात, भात तासन्‌तास कोमट राहिला की त्यांच्यापासून जिवाणू वाढतात, आणि त्यांनी तयार केलेले उलटी घडवणारे विष पुन्हा गरम करूनही नष्ट होत नाही. उद्दिष्ट या मर्यादेच्या वरच्या जागेत ठरवावे: उदाहरणार्थ, ग्राहकाच्या दारात ७० अंश किंवा त्याहून गरम पोहोचणाऱ्या शाकाहारी पदार्थांच्या डब्यांचे प्रमाण सप्टेंबरअखेर ८० वरून ९५ टक्क्यांवर न्यायचे. पावसात द्रुतगती मार्गावर टेम्पो अडकला, तर हेच ५ अंश कामी येतात. मग त्यासाठी कोणते उष्णतारोधक डबे घ्यायचे, दूरच्या ग्राहकाचे जेवण शेवटी कसे भरायचे, तापमान कोणी आणि कोणत्या थर्मामीटरने घ्यायचे, हे सगळे उद्दिष्टाबरोबरच लिहून ठेवावे लागते.

देखरेखीसाठी केवळ प्रयोगशाळेच्या अहवालावर विसंबता येत नाही. सूक्ष्मजीव चाचणीचा निकाल यायला काही दिवस लागतात आणि तोवर ते जेवण खाऊन झालेले असते. अहवाल पडताळणीसाठी आवश्यक आहेच. पण रोजच्या निर्णयांसाठी आधी दिसणाऱ्या गोष्टी मोजाव्यात: शीतगृहाचे तापमान, भात शिजल्यापासून टेम्पो निघेपर्यंत गेलेला वेळ, तळणीच्या तेलातील पोलर संयुगे, म्हणजे तेल पुन्हा पुन्हा तापवल्याने त्यात वाढणारे खराब घटक, ज्यांची कायद्याने ठरवलेली कमाल मर्यादा २५ टक्के आहे.

नोंदवही तपासताना अतिस्वच्छ वहीकडे अधिक संशयाने पाहावे, असे मी आग्रहाने सांगेन. मे महिन्यात मुंबईतल्या गाळ्यात, दिवसभर उघडझाप होणाऱ्या शीतगृहात, महिनाभर प्रत्येक नोंद ४ अंशच असेल, तर ती बहुधा दुपारी एका बैठकीत भरलेली आहे. थर्मामीटरही तपासायला हवा. बर्फाच्या पाण्यात त्याने शून्य अंश दाखवले पाहिजे आणि मुंबई समुद्रसपाटीला असल्यामुळे उकळत्या पाण्यात १०० अंशांच्या जवळचा आकडा दाखवला पाहिजे.

गणपतीच्या दिवसांत कोकणातले बरेच कामगार गावी जातात आणि त्यांच्या जागी नवे हात येतात. म्हणून ‘नव्या कामगाराला पहिल्या पाळीआधी हात धुणे, ॲलर्जी आणि तापमान यांचे प्रशिक्षण’ हे उद्दिष्ट ऑगस्टआधीच ठरवावे.

आढावा महिन्यातून एकदा, मालकाच्या उपस्थितीत व्हावा. बीआरसीजीएस हे अन्नसुरक्षेचे आणखी एक आंतरराष्ट्रीय मानक वरिष्ठ व्यवस्थापनापुढे निकाल किमान दर तिमाहीला मांडण्याची अपेक्षा ठेवते; रोजचे ताजे जेवण देणाऱ्याने तेवढे थांबू नये, असे मला वाटते. आकडा घसरला, तर कारण शोधून, कृती ठरवून तिच्यासमोर नाव आणि तारीख लिहावी. आकडा सलग काही महिने साधला गेला, तर तो नेहमीच्या नियंत्रणात टाकून नवे उद्दिष्ट घ्यावे. आणि थाळीत थंड सॅलड किंवा शेंगदाण्याची चटणी नव्याने आली, तर धोक्यांचे विश्लेषण आधी पुन्हा करावे, कारण गरम जेवणासाठी ठरवलेले एकही उद्दिष्ट त्या दोन पदार्थांना पुरेसे नसते.