आधी साडी, मग मंडप

नमस्कार श्रोतेहो. तुळशीचं लग्न लागलं की आपल्या इंदुरात घराघरांतून याद्या निघतात. हॉल, केटरर, बँड, मेंदीवाली, भटजी. यंदा ज्या घरात मुलीचं लग्न आहे, त्या घरातल्या आईला, आत्याला, मावशीला आणि खुद्द नवरीला मला आज एकच गोष्ट सांगायची आहे. मंडपवाल्याकडे जाल, तेव्हा साडी बरोबर घेऊन जा. पुन्हा सांगते. साडी बरोबर घेऊन जा. मोबाइलमधला फोटो नाही, खरी साडी, पिशवीत घालून.

आपल्याकडे होतं काय, की साड्यांची खरेदी बायका करतात. एम. टी. क्लॉथ मार्केट पालथं घालतात, सराफ्यात चार दुकानं बघतात. आणि मंडप ठरवतात वडील, नाहीतर मामा, नाहीतर भाऊ. तो अल्बममधला एक फोटो दाखवतो, ‘असं करा’ म्हणतो आणि अ‍ॅडव्हान्स देऊन येतो. साडी आणि मंडप एकमेकांना पहिल्यांदा भेटतात ते थेट मुहूर्ताच्या दिवशी.

राजेंद्रनगरातल्या आमच्या शेजारच्या काकूंच्या पुतणीचं लग्न मी कधी विसरणार नाही. मुहूर्त सकाळचा, अकराच्या सुमाराचा. हॉल रामबागेकडचा. मामाने देवासहून अष्टपुत्री, म्हणजे लग्नविधींना नेसायची साडी, आणली होती. चांगली टवटवीत हळदी पिवळी, लाल काठाची. मुलगी गोरीपान, त्यात आदल्या दिवशी हळद लागलेली. सगळ्यांना वाटत होतं, आता काही बघायलाच नको.

सकाळी सातला आम्ही हॉलवर पोचलो. मंडपवाल्याच्या पोरांनी रात्रभर जागून काम केलं होतं. बोहल्याच्या मागची अख्खी भिंत झेंडूच्या माळांनी भरलेली. वरपासून खालपर्यंत, बोटही शिरणार नाही इतक्या दाट माळा. पिवळाधम्मक ताजा झेंडू. नुसती ती भिंत बघितली तर डोळे निवत होते, खरंच सांगते.

पण मुलीची आत्या चित्रकलेची शिक्षिका. आयुष्यभर मुलांच्या रंगपेट्या बघितलेली बाई. ती म्हणाली, “गौरीहराला बसायच्या आधी एकदा इथे उभी राहा गं.” मुलगी अष्टपुत्री नेसून, मुंडावळ्या बांधून येऊन उभी राहिली. आणि श्रोतेहो, मुलगी दिसेचना! पिवळ्या भिंतीपुढे पिवळी साडी, हळदीचं पिवळं अंग. लांबून बघितलं तर केस, ओठ, साडीचा लाल काठ आणि हिरवा चुडा, एवढंच दिसत होतं. फोटोग्राफरने एक फोटो काढून दाखवला. मुलीच्या आईचा चेहरा उतरला.

मंडपवाल्याचा मुलगा बिचारा कावराबावरा झाला. “भिया, माला उतार दूँ क्या?” असं मुलीच्या भावाला विचारायला लागला. उतरवून लावणार काय? सकाळचे सात वाजलेत, दुसरी फुलं आणायची कुठून आणि ती गुंफायची कधी? कोणी म्हणालं, पांढरं कापड लावा. आत्या म्हणाली, पांढऱ्यावर हा पिवळा आणखी फिका पडेल. आणि बरोबर होतं तिचं.

तेवढ्यात कोपऱ्यात खुर्ची टाकून चहा पीत बसलेल्या आजी बोलल्या. आजी म्हणजे काकूंच्या सासूबाई. म्हणाल्या, “माझी जांभळी आणा.” आधी कोणाला कळेचना. मग काकूंच्या लक्षात आलं. आजींच्या लग्नातलं नऊवारी माहेश्वरी लुगडं. ट्रंकेत, जुन्या धोतरात गुंडाळून ठेवलेलं. भाऊ स्कूटर घेऊन राजेंद्रनगरला पळाला.

लुगडं उलगडलं तेव्हा सगळे गप्प झाले. पिकलेल्या जांभळाचा गर्द रंग. काठावर चटाईची वीण. पदरावर पाच पट्टे, तीन रंगीत, दोन पांढरे, जसे माहेश्वरीला असतात. आजींनी बजावलं, “एक टाचणी मारायची नाही. खिळा तर नाहीच नाही.” मग आत्याने पोरांना हाताशी धरलं. नऊ वार म्हणजे सव्वाआठ मीटर कापड. मागच्या पाइपावरून ते खाली सोडलं, पुन्हा वर घेतलं, पुन्हा खाली सोडलं. असे तीन पडदे शेजारी शेजारी, आणि पाइपाला धरून ठेवायला कपडे वाळत घालायचे चिमटे. घडी उलटली की बाकीच्या साड्यांची उलटी बाजू दिसते. माहेश्वरीचा काठ दोन्ही बाजूंनी सारखाच विणलेला असतो. त्यामुळे कुठली बाजू पुढे आली, हे कोणाला ओळखू आलं नाही.

झेंडू वाया गेला नाही. त्या माळा दाराला, खांबांना आणि जिन्याच्या कठड्याला लागल्या. दोन माळा तेवढ्या लुगड्याच्या दोन्ही अंगांना सोडल्या. दाराशी असलेले केळीचे खुंट आत घेतले. मग आत्या म्हणाली, “आता ये.” मुलगी येऊन उभी राहिली आणि त्या जांभळ्यापुढे ती पिवळी अष्टपुत्री दिवा लावल्यासारखी उजळली. आईने तिथेच मीठ-मोहऱ्या मागवून दृष्ट काढली.

वरपक्ष उज्जैनचा, मालवी बोलणारा. मंगलाष्टकं झाली, अंतरपाट दूर झाला, माळा पडल्या. नंतर नवऱ्यामुलाच्या काकी आजींच्या शेजारी येऊन बसल्या आणि कौतुकाने म्हणाल्या, “ये परदा किराये से कहाँ मिला आपको?” आजी म्हणाल्या, “किराये का नहीं है. मेरी शादी का है.” त्या काकी उठल्या, बोहल्यापाशी गेल्या आणि लुगड्याला हात लावून नमस्कार करून आल्या.

आता मंगलाष्टकांचा विषय निघालाच आहे, तर बोलते. हल्ली दोन्हीकडच्या प्रत्येक नातेवाइकाला एकेक मंगलाष्टक म्हणायचं असतं. हौस असावी. पण मुलगा-मुलगी हार धरून उभी, हात भरून आलेले, आणि मुहूर्ताची वेळ टळतेय, हे मला मुळीच पटत नाही. दोघा-तिघांनी म्हणावं, सुरात म्हणावं. आणि मागच्या रांगेतून क्रिकेटच्या बॉलसारख्या अक्षता फेकू नयेत. नवरीच्या डोळ्यांत जातात, डोकं धुवायची वेळ आली तरी केसांतून निघत नाहीत. पुढे येऊन अक्षता टाकाव्यात.

असो. तर साडी बरोबर घेऊन जा. पिवळी असेल तर मागे जांभळा, गर्द हिरवा, डाळिंबी. लाल किंवा गुलबक्षी शालू असेल तर मागे पांढरी शेवंती आणि भरपूर हिरवा पाला, आंब्याची पानं, अशोकाची पानं. आपल्याकडे विधींना अष्टपुत्री आणि नंतर सासरचा शालू, म्हणजे दोन साड्या. दोन्ही घेऊन जा. आणि संध्याकाळचं रिसेप्शन असेल तर त्या दिव्यांखाली साडी धरून बघा. पांढऱ्याफटक दिव्यात हळदीचं अंग आजारी दिसतं. पिवळसर दिवे मागा.

आणि आजींकडे, आत्यांकडे जुनं माहेश्वरी आहे का, विचारा. नसेल तर महेश्वर इथून नव्वदेक किलोमीटरवर आहे. अहिल्याबाईंनी १७६७ पासून १७९५ पर्यंत राज्य केलं, राजधानी नर्मदाकाठी नेली आणि बाहेरून विणकर आणून वसवले. त्यांची विद्या आजही तिथल्या मागांवर चालू आहे. उभे धागे रेशमाचे, आडवे सुती, म्हणून वजनाला हलकी. काठावरच्या नक्ष्या तिथल्या किल्ल्याच्या दगडांवरून घेतलेल्या. आपल्या इंदूरच्या मुलींनी लग्नाची साडी आणायला सुरतेपर्यंत जावं आणि महेश्वरला फक्त घाटावर फोटो काढायला जावं, याचं मला वाईट वाटतं.

वेळ थोडा उरलाय, म्हणून भरभर सांगते. सजावटीत थर्माकोल नको. सजावटीच्या थर्माकोलवर १ जुलै २०२२ पासून देशभर बंदी आहे, रुखवतातल्या देखाव्यालाही तो वापरू नका. पुठ्ठा, कागद, कापड वापरा. हार-माळा ओल्या कचऱ्यात जातात, पण त्यातली प्लास्टिकची दोरी आणि तारा आधी काढा. सुतळीच्या माळा मागितल्या तर तेही काम वाचतं.

ब्लाऊज शिवायला टाकण्याआधी वाकी दंडावर चढवून बघा. बाही वाकीच्या वरच संपली तर वाकी दंडाला रुतते. बाही थोडी खाली घ्या, म्हणजे वाकी कापडावर बसेल. नाक टोचलेलं नसेल तर दाबाची नथ आणा, पण आठ दिवस आधी आणा आणि रोज थोडा वेळ घालून बघा. मुहूर्तावर ती पडली की सगळं लक्ष नाकाकडे.

मोगरा उन्हाळ्याचा. वैशाखातलं लग्न असेल तर मोगऱ्याचा गजरा हवाच. मार्गशीर्षात मोगऱ्याचा हट्ट धरू नका, महाग पडतो आणि कळ्याही बारीक मिळतात. तेव्हा शेवंतीची वेणी घ्या. गजरे आदल्या रात्री आणले तर ओल्या फडक्यात गुंडाळून, केळीच्या पानात ठेवा. फ्रिजमध्ये ठेवायचे तर अगदी खालच्या कप्प्यात.

आणि मुंडावळ्या. खोपा उंच घातला की त्या मागे सरकतात. केस घालणारीला मुंडावळ्या आधीच दाखवा, आणि कानामागे दोन्हीकडे एकेक काळी पिन लावायला सांगा. नमस्कार.