गुणांच्या यादीत नसलेला संघ

नमस्कार. आज बॉस्टन सेल्टिक्स या बास्केटबॉल संघाबद्दल बोलायचं आहे, आणि सुरुवात त्यांना न जमलेल्या एका गोष्टीपासून करतो. एनबीए या अमेरिकेतल्या व्यावसायिक बास्केटबॉल लीगमध्ये दर हंगामात सामन्यामागे सर्वाधिक गुण कोणी केले याची नोंद होते. चेंबरलेन, जॉर्डन, ड्युरंट, करी, सगळे त्या यादीत आहेत. सेल्टिक्स संघ 1946 सालचा. 2024 साली त्यांनी अठरावं जेतेपद मिळवलं आणि जेतेपदांच्या संख्येत लॉस एंजेलिसच्या लेकर्स संघाला मागे टाकलं. इतकी जेतेपदं दुसऱ्या कोणाकडेच नाहीत. आणि तोवर त्यांचा एकही खेळाडू त्या यादीत पहिला आलेला नव्हता. एकदाही नाही.

पासच्या यादीत मात्र ते होते. सेल्टिक्सचा बॉब कूझी सलग आठ हंगाम गुण मिळवून देणारे पास देण्यात अव्वल होता. 1950 साली रेड ऑरबाख प्रशिक्षक म्हणून आले, कूझीही त्याच वर्षी. संघ धावायचा, गुणही धो-धो करायचा, पण बाद फेरीत अडखळायचा. कारण साधं होतं: रिंगखाली चेंडू पकडून देणारा कोणी नव्हता. तो माणूस 1956 मध्ये मिळाला, बिल रसेल. नव्या खेळाडूंच्या वार्षिक निवडीत त्याच्या आधी निवड करण्याचा हक्क सेंट लुईस हॉक्स या संघाकडे होता. तो मिळवण्यासाठी ऑरबाखनी एड मकॉलीसारखा नावाजलेला खेळाडू आणि क्लिफ हेगन असे दोघे देऊन टाकले. हा सौदा एकतर्फी होता असं हल्ली म्हणतात, ते मला पटत नाही. त्याच दोघांना घेऊन हॉक्सनी 1958 साली अंतिम मालिकेत सेल्टिक्सलाच हरवलं. रसेलचा घोटा त्या मालिकेत दुखावला होता, हेही सांगायला हवं.

रसेल करायचा काय? ब्लॉक, म्हणजे समोरच्याचा शॉट हवेतच अडवणं, आजही सगळे करतात. चेंडू फाडकन प्रेक्षकांत जातो, टाळ्या पडतात, आणि चेंडू पुन्हा प्रतिस्पर्ध्यालाच मिळतो. रसेल तसं करायचा नाही. तो डावखुरा, समोरचा उजव्या हाताने शॉट घेतो, त्यामुळे रसेलचा डावा हात आपसूक चेंडूच्या बाजूला. चेंडूला तो जेमतेम बोटं लावायचा आणि चेंडू मैदानातच, आपल्या माणसाकडे वळवायचा. तिथून कूझीकडे पास, आणि समोरचे पाच जण मागे वळेपर्यंत पलीकडच्या रिंगमध्ये दोन गुण. हे दोन गुण कोणाच्या तरी दुसऱ्याच्या नावावर लागायचे. ब्लॉक मोजायला एनबीएने 1973-74 च्या हंगामात सुरुवात केली, तोवर रसेलला निवृत्त होऊन चार वर्षं झाली होती. त्याचे 21,620 रिबाउंड, म्हणजे हुकलेल्या शॉटनंतर पकडलेले चेंडू, कागदावर आहेत. ब्लॉक किती, ते त्याच्यासोबतच गेलं.

तेरा हंगाम, अकरा जेतेपदं. त्यातली 1959 ते 1966 सलग आठ. हा आकडा ऐकून सभागृहात कोणीतरी मुंबईच्या सलग पंधरा रणजी जेतेपदांची आठवण काढणारच! काळही जवळपास तोच, 1958-59 ते 1972-73. आक्षेपही दोन्हीकडे सारखाच घेतला जातो: तेव्हा स्पर्धा होती कुठे? सेल्टिक्सची घोडदौड सुरू झाली तेव्हा लीगमध्ये आठच संघ होते आणि दोन मालिका जिंकल्या की करंडक हातात. हे खरं आहे. आजच्या तीस संघांत सलग आठ कोणालाही जमणार नाहीत. पण स्पर्धा नव्हती असं म्हणणाऱ्यांनी अंतिम मालिकांचे सातवे, म्हणजे निर्णायक सामने पाहावेत. 1957: दोनदा जादा वेळ, 125-123. 1962: पुन्हा जादा वेळ, 110-107, रसेलचे तीस गुण आणि चाळीस रिबाउंड. मूळ वेळेच्या अखेरच्या क्षणी लेकर्सच्या फ्रँक सेल्वीचा मोकळा शॉट आत गेला असता तर तो करंडक लेकर्सचाच होता. 1966: 95-93. 1969: 108-106. चार जेतेपदं, आणि फरक दोन, तीन, दोन, दोन. रसेल एनबीएत सातवा सामना कधीच हरला नाही. अशा दहाही सामन्यांत तो जिंकला.

1969 चा तो सामना जरा सावकाश सांगतो. संघ म्हातारा झालेला, आपल्या विभागात चौथा आलेला. रसेल पस्तिशीचा, आणि ऑरबाख बाजूला झाल्यापासून खेळाडू आणि प्रशिक्षक अशी दोन्ही ओझी त्याच्या डोक्यावर. समोर लेकर्स, त्यांच्याकडे वेस्ट, बेलर आणि चेंबरलेन असे तीन दिग्गज, आणि सामना त्यांच्याच घरच्या मैदानावर. लेकर्सच्या मालकांनी विजयाच्या खात्रीने छताला हजारो फुगे जाळ्यांत बांधून ठेवले होते. आनंदोत्सवाचा कार्यक्रमही आधीच छापलेला. तो कागद सेल्टिक्सच्या हाती पडला, मग वेगळं चेतवायची गरजच उरली नाही. शेवटच्या टप्प्यात चेंबरलेनचा गुडघा दुखावला. पुढे तो परत यायला तयार होता, पण त्याच्या प्रशिक्षकाने त्याला बाकावरच ठेवलं. शेवटचं मिनिट जवळ आलं असताना चेंडू अपघातानेच सेल्टिक्सच्या डॉन नेल्सनच्या हाती आला. त्याचा शॉट रिंगच्या मागच्या कडेवर आदळला, सरळ वर उडाला आणि खाली येताना जाळीत पडला. फुगे छतालाच राहिले. मालिकेचा सर्वोत्तम खेळाडू निवडायची पद्धत त्याच वर्षी सुरू झाली आणि तो मान हरलेल्या जेरी वेस्टला मिळाला. हरलेल्या संघातल्या कोणालाही तो पुन्हा मिळालेला नाही.

एवढं जिंकूनही बॉस्टनने या संघाला डोक्यावर घेतलं, असं समजू नका. बॉस्टन गार्डन या त्यांच्या घरच्या मैदानात खुर्च्या रिकाम्या असायच्या, आणि त्याच इमारतीत तळाला असलेल्या आइस हॉकी संघाला गर्दी व्हायची. एनबीएच्या निवडीत पहिला कृष्णवर्णीय खेळाडू, चक कूपर, 1950 साली याच संघाने घेतला. 26 डिसेंबर 1964 रोजी सुरुवातीचे पाचही जण कृष्णवर्णीय असा पहिला संघ यांनीच उतरवला. एनबीएतला पहिला कृष्णवर्णीय मुख्य प्रशिक्षक म्हणजे 1966 चा रसेल. आणि त्याच रसेलच्या उपनगरातल्या घरात लोक घुसले, भिंतींवर शिव्या लिहिल्या, पलंगावर घाण केली. 1972 मध्ये त्याची सहा क्रमांकाची जर्सी गार्डनच्या छताला चढली, ती त्याच्या आग्रहावरून, प्रेक्षकांना आत सोडण्याआधी.

पुढचं थोडक्यात. लॅरी बर्डच्या काळात 1981, 84 आणि 86. त्या शेवटच्या हंगामात घरच्या मैदानावर 40 विजय आणि एकच पराभव. मग बावीस वर्षांचा दुष्काळ. 2007 मध्ये 24 विजयांवर अडकलेला संघ गार्नेट आणि ॲलन येताच पुढच्या वर्षी 66 सामने जिंकला आणि करंडक घेऊन गेला.

आणि 2024. डॅलसविरुद्धच्या अंतिम मालिकेत सेल्टिक्सतर्फे सर्वाधिक गुण जेसन टेटमचे, रिबाउंड टेटमचे, पासही टेटमचेच. सर्वोत्तम खेळाडू ठरला त्याचाच सहकारी जेलन ब्राउन, कारण डॅलसच्या डॉन्चिचला अडवण्याचं काम बराच वेळ त्याच्याकडे होतं. 2009 पासून मालिकेतल्या सर्वोत्तम खेळाडूच्या त्या करंडकाला रसेलचं नाव आहे. आता प्रश्न घेऊ या.