चढावर थांबलेली ऑटोमॅटिक गाडी

घोडबंदर रोडवरून रोज जा-ये करणाऱ्यांना गायमुख घाट वेगळा सांगायला नको. पुढे कंटेनर, मागे टँकर आणि मधे चढावर अडकलेली आपली गाडी. ब्रेकवरचा पाय उचलला तर ती पुढे सरकेल, जागेवर राहील की मागे येईल? नुसतं 'ऑटोमॅटिक' म्हटल्याने हे कळत नाही. आत गिअरबॉक्स कोणता आहे त्यावर ते ठरतं, आणि मालकाला ते माहीत असायलाच हवं असं मला कळकळीने वाटतं.

आधी जोराचा हिशोब करू. १२०० किलोची गाडी आणि दर १० मीटरला १ मीटर चढ धरा. गाडीला मागे ओढणारा जोर साधारण १२० किलो वजनाइतका होतो.

टॉर्क कन्व्हर्टरच्या गाडीत इंजिन आणि गिअरबॉक्स यांच्यामध्ये तेल असतं. इंजिनाकडची पाती तेल फिरवतात आणि ते तेल पलीकडच्या पात्यांना ढकलतं. गाडी उभी असली तरी डी मध्ये, म्हणजे पुढे जायच्या गिअरमध्ये, ही ढकल चालू राहते. त्यामुळे हलक्या चढावर ती बहुधा जागेवर राहते. चढ उभा असेल तर तीही मागे येते. सीव्हीटी हा ऑटोमॅटिकचा आणखी एक प्रकार; अशा बऱ्याच गाड्यांमध्येही हाच कन्व्हर्टर असतो.

एएमटीचं, म्हणजे 'ऑटोमेटेड मॅन्युअल'चं, तसं नाही. २०१४ मध्ये मारुती सेलेरिओबरोबर ती आपल्याकडे आली आणि ऑटोमॅटिक गाडी मध्यमवर्गीय घरांच्या आवाक्यात आली. गुडघे दुखणाऱ्यांची तर तिने फार मोठी सोय केली. पण आतून ती मॅन्युअलच आहे: तोच गिअरबॉक्स, इंजिन आणि गिअरबॉक्स यांना जोडणारी तशीच क्लच प्लेट, फक्त क्लच दाबायचं काम तुमच्या पायाऐवजी यंत्रणा करते. ब्रेक दाबून थांबलात की क्लच इंजिनाला गिअरबॉक्सपासून वेगळं ठेवतो. पाय उचलला की तो थोडासाच धरतो. सपाटीवर तेवढं पुरतं, चढावर पुरत नाही.

मग लोक काय करतात? अ‍ॅक्सिलरेटर अर्धवट दाबून गाडी जागेवर तोलून धरतात. हे कृपा करून करू नका. त्या वेळी क्लच घासत असतो आणि इंजिनाची सगळी ताकद उष्णता होऊन प्लेटमध्ये जाते. थोड्या वेळात जळका वास येतो, काही गाड्या बझर वाजवतात, आणि हे रोजचं झालं की प्लेट वेळेआधीच संपते. ड्युअल क्लच, म्हणजे दोन क्लच असलेल्या ऑटोमॅटिक गाडीतही हाच धोका आहे. गाडी धरायला ब्रेक आहे. रांग लांबली तर हँडब्रेक ओढा, न्यूट्रल करा.

निघताना हँडब्रेक ओढलेला ठेवून डी टाका, अ‍ॅक्सिलरेटर द्या, गाडी ओढ घेतेय असं जाणवलं की हँडब्रेक सोडा. गाडीत चढावर ब्रेक धरून ठेवणारी 'हिल होल्ड' सोय असेल तर पाय उचलल्यावर ब्रेक दोन-तीन सेकंद धरून राहतो. तेवढ्यात निघायचं, त्याच्या भरवशावर थांबून राहायचं नाही.

एक गोष्ट पार्किंगची. पी मध्ये गिअरबॉक्समधला एक छोटा खटका गाडी अडवतो. रॅम्पवर आधी पी टाकून ब्रेक सोडलात तर सगळं वजन त्या खटक्यावर येतं, आणि पुढच्या वेळी पी मधून काढताना 'खट्' असा दणका बसतो. म्हणून ब्रेक दाबलेला ठेवून आधी हँडब्रेक, मग पी. आपल्याकडच्या बहुतेक एएमटी गाड्यांना पी नसतो. त्या गिअरमध्येच बंद करायच्या, तोंड चढाकडे असेल तर डी, उताराकडे असेल तर आर (रिव्हर्स), आणि हँडब्रेक घट्ट ओढायचा.