सागरी अभयारण्याची रेषा आखताना मच्छीमार कुठे होता?

नमस्कार. मालवणच्या सागरी अभयारण्यावरचा मागचा व्हिडिओ आल्यापासून एकच प्रश्न पुन्हा पुन्हा येत आहे: किनारा संरक्षित झाला, तर मच्छीमारांनी जायचे कुठे? काही प्रेक्षकांनी याच्या अगदी उलट लिहिले आहे, की मच्छीमारांना दूर ठेवल्याशिवाय समुद्र वाचणारच नाही. दोन्ही बाजूंनी एक गोष्ट गृहीत धरलेली आहे, ती म्हणजे समुद्राविषयीचा निर्णय किनाऱ्यावरच्या माणसाला वगळूनच होणार. माझा आक्षेप या गृहीतकाला आहे.

प्राथमिक माहिती थोडक्यात सांगते. मालवण सागरी अभयारण्य १९८७ साली घोषित झाले. त्याचे क्षेत्र सुमारे २९ चौरस किलोमीटर आहे आणि त्यातला पद्मगडाच्या परिसरातला सुमारे ३ चौरस किलोमीटरचा भाग गाभा क्षेत्र मानला जातो. स्थानिक मच्छीमारांनी या अभयारण्याला दीर्घकाळ विरोध केला आहे.

आता अवघड भागाकडे येते, तो म्हणजे सीमा. वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ सालचा आहे. समुद्राचा भाग अभयारण्यात घेताना त्याच्या सीमा स्थानिक मच्छीमारांच्या व्यवसायाचे हित जपण्यासाठी पुरेसे उपाय योजूनच ठरवाव्यात, ही तरतूद त्यात १९९१ च्या दुरुस्तीने आली. मालवणची घोषणा त्याआधी चार वर्षे झालेली होती. हे दोन आकडे शेजारी ठेवून पाहिले, की विरोध करणाऱ्यांना ‘पर्यावरणाचे शत्रू’ म्हणणाऱ्या प्रतिक्रिया मला फार अन्यायकारक वाटतात.

किनाऱ्यावरच्या एका गावातली बैठक मी स्वतः पाहिली आहे. भिंतीवर नकाशा लावलेला होता आणि सीमेचे अक्षांश-रेखांश वाचून दाखवले जात होते. मागे बसलेल्या एका वयस्क मच्छीमाराने उठून विचारले, की देवळाचे शिखर आणि मागचा डोंगर एका रेषेत आले म्हणजे जो खडक पायाखाली येतो, तो या रेषेच्या आत आहे की बाहेर? त्या माणसाचा सगळा समुद्र अशा खुणांवर उभा होता, आणि त्याच्या प्रश्नाचे उत्तर खोलीतल्या एकाही अधिकाऱ्याकडे नव्हते. बैठक सकाळची असल्यामुळे मासे विकणाऱ्या बायका बाजारात होत्या आणि त्यांच्यापैकी एकही तिथे नव्हती. तरीही इतिवृत्तात ‘लोकसहभाग घेण्यात आला’ असे वाक्य लिहिले गेले. ते वाक्य मला अजूनही सलते.

कोणी विचारेल, की बैठक झाली, मत विचारले, मग अजून काय हवे? मत विचारणे आणि निर्णयात वाटा देणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. रापण, म्हणजे किनाऱ्यावरून सगळ्यांनी मिळून ओढायचे मोठे जाळे, ओढताना दोराला ज्याचा हात लागतो, त्याला मासळीत वाटा मिळतो. रेषा आखून झाल्यावर बोलावलेल्या माणसाच्या हाती दोर कधी आलेलाच नसतो, आणि तरी त्या रेषेची राखण त्यानेच करावी अशी आपली अपेक्षा असते.

हीच गोष्ट उलट्या बाजूने पाहायची असेल, तर मंडणगड तालुक्यातले वेळास पाहा. त्या किनाऱ्याला अभयारण्याचा दर्जा नाही. चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र या संस्थेने तिथे २००२ च्या सुमारास ऑलिव्ह रिडले कासवांच्या संवर्धनाचे काम सुरू केले आणि गावाने ते आपले मानले. पहाटे कासवाच्या पावलांचा माग काढत घरट्यापर्यंत जायचे, अंडी हलक्या हाताने काढायची, कुंपणाच्या आत मूळ घरट्याएवढाच खोल आणि तसाच मडक्याच्या आकाराचा खड्डा करून त्यात ती ठेवायची आणि पुढे साधारण ४५ ते ६० दिवस राखण करायची, असे हे काम आहे. जिथे पूर्वी अंडी खाण्यासाठी उचलली जात, तिथे गावातलीच माणसे ती सांभाळू लागली. ‘पर्यटक आले, पैसा आला, म्हणून हे झाले’ असे एका प्रेक्षकाने लिहिले आहे. पैशाचे महत्त्व मी नाकारत नाही, परंतु राखण आधी सुरू झाली आणि पिल्ले समुद्रात जाताना पाहण्यासाठी भरणाऱ्या कासव महोत्सवाचे पाहुणे त्यानंतर आले, हा क्रम विसरून चालणार नाही.

मच्छीमार स्वतःहून बंधन पाळणार नाहीत, असे म्हणणाऱ्यांनी नारळी पौर्णिमा आठवावी. समुद्राला नारळ अर्पण केल्याशिवाय होडी बाहेर काढायची नाही, ही रीत किनाऱ्यावरच्या समाजानेच घालून घेतलेली आहे.

ज्यांचे गाव एखाद्या अभयारण्याला लागून आहे, त्यांच्यासाठी एक नेमकी गोष्ट सांगते. वन्यजीव संरक्षण कायद्याच्याच कलम ३३ ख नुसार प्रत्येक अभयारण्यासाठी सल्लागार समिती असायला हवी आणि तिच्यात पंचायत राज संस्थांचे तीन प्रतिनिधी असायला हवेत. समितीचे काम सल्ला देण्याचे आहे, तिचा शब्द अंतिम नसतो, ही उणीव मोठी आहे. पण आज हातात असलेला दोर हाच आहे. तुमच्या भागातले हे तीन प्रतिनिधी कोण आहेत, समितीची शेवटची बैठक कधी झाली आणि त्या दिवशी होड्या समुद्रात होत्या की किनाऱ्यावर, हे ग्रामसभेत विचारा आणि मिळालेले उत्तर मला खाली लिहून कळवा.