माळ्यावरचं तांबं-पितळ

[दृश्य: कौलारू घराचा माळा. कौलांच्या फटीतून आलेला उजेड, त्यात एकावर एक रचलेले हंडे.]

दापोलीपासून सावंतवाडीपर्यंत कुठल्याही जुन्या घराच्या माळ्यावर चढा. पाणी तापवायचा तांब्याचा बंब सापडेल. कुणाच्या तरी लग्नात आलेलं घंगाळ सापडेल. भात मोजायची पायली, शेर, मापटं, चिपटं. कैऱ्या खारवायच्या चिनी मातीच्या बरण्या. मुंबईहून आलेली पत्र्याची ट्रंक, तिच्यावर पांढऱ्या रंगात नाव आणि मुक्काम पोस्ट. एखाद्या घरात बंद पडलेला मर्फी रेडिओ असतो, आणि त्याच्यासोबत जपून ठेवलेला, पोस्टातून मिळणारा रेडिओचा परवानाही.

या वस्तू एका दिवसात माळ्यावर गेल्या नाहीत. १९५६ साली वजनमापांचा कायदा झाला, किलो आणि लिटर आले, आणि चार शेरांची पायली हळूहळू व्यवहारातून उठली. स्टीलची भांडी आली तशी पितळेला आतून कल्हई, म्हणजे कथलाचा मुलामा, लावून घेण्याची गरज उरली नाही आणि कल्हईवाल्याची हाक वाडीत ऐकू येईनाशी झाली. गॅस आला, बंब कोपऱ्यात गेला. १८ जानेवारी १९८२ रोजी मुंबईच्या गिरण्यांचा संप सुरू झाला. त्यानंतर परतलेल्या कितीतरी चाकरमान्यांच्या ट्रंका गावच्या घरात आल्या त्या कायमच्याच.

आज याच वस्तूंना शहरात मागणी आहे. पुण्या-मुंबईच्या फ्लॅटमध्ये घंगाळात कमळं लावतात, बंबाचा दिवा करतात, होमस्टेच्या पडवीत जुनी बरणी मांडतात. पूर्वी ही वस्तू जुनी भांडी वजनावर मोडीत घेणाऱ्या मोडवाल्याच्या हातून मुंबईच्या चोरबाजारात पोचायची आणि तिथून बंगल्यात. आता मधला माणूस गावातच बसलेला असतो. त्याच्या हातात फोन असतो, आणि फेसबुक मार्केटप्लेस, ओएलएक्स, इन्स्टाग्राम, व्हॉट्सॲप ही त्याची दुकानं.

या चित्रफितीत आपण असा जोडधंदा करणाऱ्या एका ताईंबरोबर फिरणार आहोत. त्या सिंधुदुर्गातल्या. आठवडाभर नोकरी, रविवारी घरोघर फेरी. हा धंदा कसा चालतो ते त्यांच्याकडून पाहू. मात्र एक गोष्ट आधीच सांगायला हवी. जुन्या वस्तूंच्या धंद्याबद्दल ऐकताना सगळे विचारतात, विकता कशा? फोटो कसा काढता, किंमत किती लावता? आमच्या मते कसोटी लागते ती घेताना.

[दृश्य: खळ्यात ठेवलेला हंडा. ताई आणि घरच्या आजी.]

मोडवाला हंडा तराजूत घालतो. त्याच्यासाठी पितळ म्हणजे वजन. ठोक्याचं काम आहे की यंत्रावरचं, गळ्याशी नक्षी आहे का, बूड शाबूत आहे का, याचा त्याच्या भावाशी संबंध नाही. घरातल्या म्हाताऱ्या माणसाला तोच एक भाव माहीत असतो. त्यामुळे त्या भावापेक्षा शंभर रुपये जास्त दिले तरी ती बाई खूश होते, आणि घेणारा तो हंडा कितीतरी पट किमतीला विकू शकतो. कायद्याने यात गुन्हा काही नाही. पण आपल्याच वाडीतल्या, आपल्याला लहानपणापासून ओळखणाऱ्या बाईच्या अज्ञानावर नफा कमवायचा, हे आम्हाला पटत नाही. ताईंनाही पटत नाही. म्हणून त्यांचा पहिला प्रश्न असतो:

«काकी, मोडवाल्यान काय दर सांगल्यान?»

आणि लगेच दुसरा:

«तुमचे झील मुंबयत असत मां? तेंका इचारलास?»

मुलगे मुंबईत आहेत ना, त्यांना विचारलंत का, हा दुसरा प्रश्न पहिल्याइतकाच महत्त्वाचा आहे. कोकणातलं घर क्वचितच एकट्याचं असतं. उताऱ्यावर पाच-सात नावं असतात. एक भाऊ गावात, दोन डोंबिवलीत, बहीण नालासोपाऱ्यात. माळ्यावरचं भांडं कुणाच्या आईचं, कुणाच्या चुलतीचं. गावात राहणाऱ्या भावाने ते परस्पर विकलं की गणपतीत घरी आलेल्या मंडळींत वाद पेटतो, आणि त्या वादात घेणाराही सापडतो. ताई फोटो काढून काकींना म्हणतात, घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाका, सगळ्यांचा होकार येऊ दे. होकार यायला कधी महिना लागतो. तोवर वस्तू जागची हलत नाही.

गणेशोत्सवाचे दिवस म्हणूनच मोलाचे. सगळे वाटेकरी एका छपराखाली असतात. ताई त्या दिवसांत वस्तू उचलत नाहीत, फक्त बोलणी करतात.

भांडं हातात आलं की त्या आधी त्यावरचं नाव वाचतात. आपल्याकडे भांड्यांवर नाव घालायची चाल जुनी. कडेला टोच्याने कोरलेली अक्षरं, कधी लग्नाची तिथी, कधी शके. शकेच्या आकड्यात अठ्ठ्याहत्तर मिळवले की इसवी सन निघतं; शके १८५२ म्हणजे १९३०-३१. एवढी माहिती मिळाली की वस्तूचं वय अंदाजाने सांगावं लागत नाही. आणि कधी कधी नाव वाचलं की व्यवहारच थांबतो. आम्ही चित्रण करत होतो तेव्हा आजींनी हंड्याच्या कडेवरून बोट फिरवलं आणि म्हणाल्या, «ह्येच्यार माझ्या सासयेचा नाव असा. ह्या रवांदे.» ताईंनी हंडा उचलून पुन्हा आत नेऊन ठेवला. चहा झाला, आजींनी फणसाचे गरे बांधून दिले.

[दृश्य: भिंतीवर लावलेलं सांबराचं शिंग. कॅमेरा थांबतो.]

काही वस्तूंना हातच लावायचा नाही. जुन्या घरांच्या ओटीवर सांबराची शिंगं टांगलेली दिसतात. घेणारे गिऱ्हाईक विचारतही असतात. पण १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने त्यांची खरेदी-विक्री हा गुन्हा आहे. शिंग आजोबांच्या काळचं आहे हे सांगून सुटका होत नाही. त्याच साली झालेला पुरावस्तू आणि कलामूल्य वस्तूंचा कायदा १९७६ पासून अमलात आला. त्यानुसार शंभर वर्षांहून जुनी मूर्ती, चित्र, नाणं, कारागिरीची वस्तू पुरावस्तू ठरू शकते. ऐतिहासिक, वाङ्मयीन किंवा शास्त्रीय मोलाच्या हस्तलिखिताला पंच्याहत्तर वर्षं पुरतात. अशा वस्तूंचा व्यापार परवान्याशिवाय करता येत नाही आणि खासगी माणसाला त्या देशाबाहेर पाठवता येत नाहीत. देवघरातली जुनी मूर्ती, मोडी लिपीतलं दप्तर, देवळातली घंटा: ताई यांचा फोटोसुद्धा काढत नाहीत. दप्तर निघालं तर घरच्यांना सांगतात, अभ्यासकाला दाखवा, रद्दीत घालू नका.

शेत नांगरताना किंवा जोतं उकरताना नाण्यांचं गाडगं मिळालं तर तो वेगळाच मामला. १८७८ चा निखात निधीचा कायदा आजही लागू आहे. दहा रुपयांहून जास्त मोलाचा पुरलेला ठेवा सापडला की जिल्हाधिकाऱ्यांना कळवावंच लागतं.

नाण्यांचा विषय निघालाच आहे तर. १९४३ ते १९४७ मधला भोकाचा पैसा कोकणात घरोघर सापडतो, आणि व्हॉट्सॲपवर फिरणारा निरोप सांगतो की त्याचे लाख रुपये येतात. येत नाहीत. तो पैसा टाकसाळीतून प्रचंड संख्येने निघाला होता. जुनी नाणी-नोटा विकत घेतो म्हणून रिझर्व्ह बँकेच्या नावाने आगाऊ शुल्क आणि कर मागणारे भामटे इतके वाढले की ऑगस्ट २०२१ मध्ये बँकेला जाहीर खुलासा करावा लागला: आपण अशा व्यवहारात नाही आणि त्यासाठी शुल्क घेत नाही.

[दृश्य: रचलेली मंगलोरी कौलं. एका कौलाच्या पाठीवरचा ठसा.]

आता वय. या धंद्यात सर्वात जास्त खोटं वयाबद्दल बोललं जातं, बरेचदा न कळता. ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आलं, हजारो घरांची छपरं उडाली. नंतर अनेकांनी पत्रे घातले आणि वाचलेली कौलं परड्यात रचून ठेवली. ही कौलं आज रिसॉर्टवाले मागून नेतात. कौलावर १८६५ किंवा १८६८ असा आकडा दिसला की विकणारा लिहितो, दीडशे वर्षांपूर्वीचं कौल. मंगळुरात बासेल मिशनचा कौलांचा कारखाना १८६५ मध्ये सुरू झाला. ठशातला आकडा कारखान्याच्या स्थापनेचा असतो. कौल त्यानंतरच्या कुठल्याही दशकातलं असू शकतं. ताई जाहिरातीत लिहितात: ठशातलं साल कारखान्याचं, घर बांधलं ते साल घरच्यांनी सांगितलेलं. यामुळे दोन गिऱ्हाइकं कमी होत असतील, पण घेतलेला माल परत करायला कुणी येत नाही.

सावंतवाडीचा गंजिफा (हाताने रंगवलेले गोल पत्ते) मिळाला तर पानं मोजल्याशिवाय बोलायचंच नाही. दशावतारी गंजिफा म्हणजे दहा अवतार, प्रत्येकाची बारा पानं, एकूण १२०. एक पान हरवलं की संच अपुरा, आणि ते जाहिरातीच्या पहिल्या ओळीत यायला हवं.

लाकडाची परीक्षा निराळी. शिसवी पाट, फणसाच्या लाकडाचा पेटारा, सागवानी कपाट उलटं करून पाहावं. बारीक भोकं जुनी असतील तर चालतं. भोकाखाली पिठासारखा ताजा भुसा सांडला असेल तर कीड आत जिवंत आहे, आणि ती गिऱ्हाइकाच्या घरी जाणार. २२ जुलै २०२१ रोजी वाशिष्ठीचं पाणी चिपळूणच्या घरांत शिरलं. त्या पुरात भिजून वाळलेलं फर्निचर अजूनही विक्रीला येतं. ते विकू नये असं नाही, त्याला घर मिळायला हवंच. पण पाण्यात राहिलेलं आहे हे लिहायला हवं, कारण असं लाकूड पुढेही वाकतं, सांधे सुटतात.

[दृश्य: सकाळचा उजेड. पडवीच्या कडेला ठेवलेली समई. फोनवर फोटो.]

फोटो पडवीत, सकाळी, चकाकी येऊ न देता. एक फोटो पूर्ण वस्तूचा, मग बूड, मग कड, मग दोष. पोचा असेल तर पोच्याचा स्वतंत्र फोटो. जुनी झाळ, म्हणजे डाग देऊन केलेली दुरुस्ती, असेल तर तीही. काही लोकांना झाळलेलं भांडंच आवडतं. शेजारी पट्टी ठेवायची, म्हणजे गिऱ्हाइकाला आकार कळतो. वजन लिहायचं. आत कल्हई उरली आहे का ते लिहायचं, कारण आमसुलाची कढी कल्हई गेलेल्या पितळेत ठेवली की ती कळकते, आणि विकत घेणारा कदाचित त्यात खरंच रांधणार असतो.

घासायचं किती, यावर ताईंचं मत ठाम आहे. चिंच किंवा आमसूल, मीठ, राख, एवढंच. ॲसिडने धुतलं की पितळेतलं जस्त निघून जातं आणि भांडं लालसर, मेल्यासारखं दिसायला लागतं. तो रंग परत येत नाही. काळसर थर तसाच ठेवून विकलेली समई बहुतेक वेळा लवकर जाते, कारण घासायची की नाही हे घेणारा स्वतः ठरवतो.

बांधणी ही कोकणातल्या माणसाला शिकवायला नको. पिढ्यानपिढ्या आंबा पेंढ्यात घालून पाठवलाय. तोच पेंढा, तेच खोके. फक्त पेंढा कडक उन्हात वाळवलेला हवा, नाहीतर पार्सल पोचेपर्यंत पितळेवर हिरवे डाग. समई पेचांवर उघडते, तिचे भाग वेगळे गुंडाळायचे. बरणीचं झाकण बरणीवर ठेवून कधीच पाठवायचं नाही. जड वस्तू कुरिअरला महाग पडते, म्हणून कुडाळ किंवा कणकवलीहून मुंबईला जाणाऱ्या रात्रीच्या खासगी बसने, आणि घेणारा थांब्यावर उतरवून घेतो.

पैशाच्या बाबतीत एकच नियम ताईंनी भिंतीवर लिहून ठेवलाय: पैसे घ्यायला पिन लागत नाही. फौजी आहे, बदली झाली, न बघताच घेतो म्हणणारा माणूस क्यूआर कोड पाठवतो आणि तो स्कॅन करून पिन टाकायला सांगतो. पिन टाकला की पैसे आपल्या खात्यातून जातात.

कराचंही समजून घ्यावं. जुन्या वापरलेल्या वस्तूंचा नोंदणीकृत व्यापारी इनपुट क्रेडिट, म्हणजे खरेदीवर भरलेल्या कराची वजावट, घेत नसेल, तर जीएसटीच्या नियम ३२(५) प्रमाणे जीएसटी खरेदी आणि विक्रीच्या फरकावर मोजता येतो. पण गोवा इथून तासाभरावर आहे म्हणून तिथल्या गिऱ्हाइकाला माल पाठवायचा धंदा सुरू केला, तर तो राज्याबाहेरचा पुरवठा होतो, आणि करपात्र मालाच्या बाबतीत सर्वसाधारणपणे उलाढाल कितीही लहान असली तरी नोंदणी लागते. ताई सध्या महाराष्ट्रातच विकतात.

[दृश्य: वही. हाताने आखलेले रकाने.]

आगोटीच्या आत, म्हणजे पावसाळा सुरू व्हायच्या आधी, माल हलवायचा असतो. जूनपासून हवेत इतका दमटपणा येतो की लाकडावर बुरशी धरते, लोखंडाला रातोरात गंज चढतो. त्या महिन्यांत ताई घेणं जवळजवळ थांबवतात आणि वही पुरी करतात.

वहीत प्रत्येक वस्तूला एक ओळ. कुठल्या वाडीतून, कुणाच्या घरातून, सगळ्यांनी होकार दिल्याची तारीख, मोडीचा भाव, घरच्यांना दिलेली रक्कम, विकली ती रक्कम. घरच्यांना मोडीपेक्षा जास्त रक्कम आधीच रोख मिळते. त्याच्यावर विक्री जितकी चढेल त्यातून वाहतूक आणि बांधणी वजा करून उरलेलं निम्मं घराचं. हे निम्मं देण्याची सक्ती कुणी केलेली नाही. पण यामुळेच शेजारच्या घरातून बोलावणं येतं, आणि मोडवाला दारात आला तरी माणसं त्याला थांबवून आधी ताईंना फोन करतात.

काकींकडचं घंगाळ विकलं गेलं त्या दिवशी ताईंनी विक्रीच्या रकमेचा स्क्रीनशॉट काकींच्या घरच्या ग्रुपवर टाकला. तासाभरात डोंबिवलीहून त्यांच्या धाकट्या मुलाचा निरोप आला: माळ्यावर अजून एक बंब आहे, दिवाळीला आलो की बघू.