सिंगर टॉवर: उंचीच्या टीकाकाराने बांधलेला मनोरा

आजीच्या खोलीत खिडकीपाशी असलेले काळे, सोनेरी नक्षीचे सिंगरचे शिवणयंत्र आपल्यापैकी अनेकांनी पाहिले असेल. अशी लक्षावधी यंत्रे जगभर, बहुतेकदा हप्त्यांवर, विकणाऱ्या कंपनीने 1908 साली न्यूयॉर्कच्या ब्रॉडवे रस्त्यावर 47 मजल्यांचे आणि 612 फूट उंचीचे आपले मुख्यालय उभे केले. फिलाडेल्फियाच्या 548 फूट उंच नगरभवनाला मागे टाकून ते जगातील सर्वांत उंच इमारत ठरले.

गंमत अशी, की त्याचे वास्तुविशारद अर्नेस्ट फ्लॅग हे गगनचुंबी इमारतींचे कडवे टीकाकार होते. रस्त्याच्या दोन्ही कडांना भिंतीसारख्या सरळ वर चढणाऱ्या इमारती शेजाऱ्यांचा उजेड आणि वारा हिरावून घेतात, असे पॅरिसमध्ये शिकून आलेल्या फ्लॅग यांचे म्हणणे होते. उंच जायचेच असेल, तर भूखंडाच्या चौथ्या हिश्श्यापुरतेच जावे आणि बाकीचे बांधकाम ठेंगणे ठेवावे, असा तोडगा ते सुचवत. सिंगरची इमारत म्हणजे या तोडग्याचे विटा-पोलादातले प्रात्यक्षिक होते: खाली रुंद, बसके बांधकाम आणि त्यातून वर निघालेला, जेमतेम 65 फूट लांबी-रुंदीचा तांबूस विटांचा मनोरा.

इतक्या सडपातळ मनोऱ्याला स्वतःच्या वजनापेक्षा वाऱ्याची धास्ती अधिक. त्यासाठी सांगाड्याच्या कोपऱ्यांत पोलादी तिरके आधार दिले गेले. पायासाठी तळ नसलेल्या भक्कम पेट्या जमिनीत उतरवल्या जात, पाणी आत शिरू नये म्हणून त्यांत दाबाखालची हवा भरली जाई आणि त्या कोंदट हवेत मजूर खडकापर्यंत खणत जात. वाऱ्याच्या रेट्याने एका बाजूचे खांब वर उचलले जाऊ नयेत, म्हणून ते पायातील काँक्रीटमध्ये खोलवर रुतवलेल्या पोलादी दांड्यांना जखडले होते. उंच घरे खाली दबतात एवढेच आपण धरून चालतो. इथे मात्र घर जमिनीला बांधून ठेवावे लागले.

माथ्यावरचे फुगीर फ्रेंच धाटणीचे छप्पर खालच्या सडपातळ अंगाला किंचित जड वाटते, हे मान्य करायला हवे. तळमजल्यावरच्या प्रवेशदालनाबद्दल मात्र दुमत नसावे. संगमरवरी खांबांच्या रांगा, वर लहान लहान घुमट आणि खांबांवर कांस्याची पदके; त्यांतल्या काहींवर कंपनीची आद्याक्षरे, तर काहींवर सुई, दोरा आणि बॉबिन कोरलेली होती.

उंचीचा मान वर्षभरच टिकला. 1909 मध्ये मॅडिसन स्क्वेअरजवळ मेट्रोपोलिटन लाइफ विमा कंपनीचा 700 फुटांचा मनोरा पूर्ण झाला. पुढे 1915 मध्ये ब्रॉडवेवरच, सिंगरपासून हाकेच्या अंतरावर, एक्विटेबल इमारतीच्या 38 मजली भिंती कुठेही मागे न सरकता थेट वर गेल्या. तिच्या सावलीवरून उठलेल्या ओरडीने 1916 च्या बांधकाम नियमावलीला जोर मिळाला. त्या नियमावलीने मजले वर जाताना मागे सरकवण्याचे बंधन घातले. भूखंडाच्या चौथ्या हिश्श्यावर मात्र हवे तेवढे उंच जाण्याची मुभा ठेवली. फ्लॅग यांचा हिशेब कायद्यात आला होता.

पण याच हिशेबाने त्यांची इमारत पुढे गोत्यात आली. मनोऱ्याच्या एका मजल्याचे क्षेत्रफळ भिंतींसकट जेमतेम 4,200 चौरस फूट भरे, आणि त्यातही लिफ्ट व जिने जागा खात. 1960 च्या दशकातील कंपन्यांना एकाच मजल्यावर शेकडो कर्मचारी बसवायचे होते. सिंगरने इमारत विकली आणि कालांतराने हा भूखंड युनायटेड स्टेट्स स्टील या पोलाद कंपनीच्या नव्या कचेरीसाठी गेला. 1965 मध्ये न्यूयॉर्कने वारसावास्तूंच्या रक्षणासाठी आयोग नेमला होता, पण त्याने सिंगरला संरक्षण दिले नाही. 1967 मध्ये तोडकाम सुरू झाले आणि त्या जागी 743 फुटांची, काळ्या पोलादाची वन लिबर्टी प्लाझा उभी राहिली. तिचा एकेक मजला मनोऱ्याच्या मजल्याच्या आठपटींहून मोठा आहे.

मालकानेच पाडलेली जगातील सर्वांत उंच इमारत, हा सिंगरचा दुसरा विक्रम अर्ध्या शतकाहून अधिक टिकला. न्यूयॉर्कच्याच पार्क अव्हेन्यूवरील 270 क्रमांकाची 707 फुटांची इमारत उतरवण्याचे काम 2021 मध्ये पूर्ण झाले, तेव्हा तोही मोडला.